हात वर करताना

मी एका माणसाला मत देऊन खोलीबाहेर काढलेलं आहे. पाच हात वर झाले, त्यात एक माझा. तेव्हापासून एक सवाल मागे लागलाय, तो आज तुमच्यापुढे टाकतो. तुम्ही पत्रकं वाटणारी, मोर्चात चालणारी, विहारात वर्ग घेणारी पोरं. तुमच्यापुढे नाही टाकायचा तर कुणापुढे?

हकिकत अशी. सूतगिरणीच्या मागल्या वस्तीत आमची खोली आहे. सात जण राहायचो. कुणी रिंग खात्यात, कुणी कार्डिंगला, कुणी पॅकिंगला. पाळ्या वेगळ्या, म्हणून सात जणांना चार अंथरुणं पुरायची. अण्णा आमच्यात वयानं मोठे. बायको दोन पोरं घेऊन माहेरी गेलेली, दारूपायी. अण्णा व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून आले, घरी जायला तोंड नव्हतं, म्हणून आम्ही खोलीत घेतलं. अट एकच, दारू नाही. अण्णांनी बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून मान हलवली.

साडेतीन महिने प्याले नाहीत. दिवाळीच्या बोनसच्या रात्री प्याले. नुसते प्याले नाहीत, क्वार्टर घेऊन खोलीत आले. आमच्यात एक विशीतलं पोरगं होतं, त्यानंही नुकतीच सोडलेली. सकाळी पाळीवरून येऊन बघतो तर दोघं एकाच भिंतीला टेकून पडलेले.

त्याच संध्याकाळी बैठक घेतली. अण्णा दाराशी उकिडवे बसलेले. पोरगं धरून आम्ही सहा जण. पाच हात वर. पोरानं हात वर केला नाही, मान खाली घातली. अण्णांनी पेटी उचलली. भांडले नाहीत. चपला घालताना एवढंच म्हणाले, "माझा डबा राहू दे, नंतर नेतो." तो डबा अजून आमच्या फळीवर आहे.

आता सवाल. गावानं आपल्या बापजाद्यांना वेशीबाहेर ठेवलं. आम्ही अण्णांना दाराबाहेर ठेवलं. यात फरक काय? फरक असेल तर नेमका कुठे? आणि नसेल तर आम्ही कोण झालो?

आपल्या चळवळीत यावर दोन भाषणं तयार असतात. दोन्ही मी स्वतः केलेली आहेत, म्हणून बोलतो.

पहिलं भाषण : दारू हे व्यवस्थेचं हत्यार आहे. खरंच आहे. गटारात उतरणाऱ्या माणसाला शुद्धीत ती घाण सोसत नाही, म्हणून तो पिऊन उतरतो. आमच्याकडे तिसरी पाळी संपली की कानात मशीन चालूच राहतं, डोळा लागत नाही, म्हणून माणूस कोपऱ्यावर जातो. वस्तीत वाचनालय नसेल पण गुत्ता असतो. सगळं खरं. पण या भाषणात अण्णा कुठे आहेत? पाजलं व्यवस्थेनं, पाडलं व्यवस्थेनं, मग अण्णांनी काय केलं? काहीच नाही? माणसाला निर्दोष ठरवायच्या नादात आपण त्याला दगड ठरवतो. दगडाला गुन्हा करता येत नाही, तसं उठताही येत नाही.

दुसरं भाषण : १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. जो पितो तो आपला नाही. ऐकायला हे कडक वाटतं. पण दारूचं अवलंबित्व जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत आहे. जुन्या पिणाऱ्यानं एकदम सोडली तर हात कापतात, घाम फुटतो, नसलेलं दिसायला लागतं, झटके येतात, वेळेला जीवही जातो. म्हणून पहिली पायरी दवाखानाच. अशा माणसाला "तू आपला नाहीस" म्हणणं म्हणजे तापानं फणफणलेल्याला थंड पडायचा हुकूम सोडणं.

पहिलं भाषण माणसाची जबाबदारी काढून घेतं, दुसरं माणूसच काढून टाकतं. दोन्ही भाषणं संपली की बोलणारा घरी जातो. अण्णा कुठे जातात, हे कुणी विचारत नाही.

आणि खरा घोळ तिथेच आहे. कुठे जायचं? आपल्याकडे व्यसनमुक्तीचं काम नाही असं नाही. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झालं, पुढे इतरही केंद्रं निघाली. माणूस तिथे काही आठवडे राहतो, शुद्धीवर येतो, वजन भरतं. मग परत येतो. कुठे? त्याच गल्लीत, त्याच गुत्त्यासमोर, त्याच दोस्तांत. नाहीतर बायकोच्या अंगावर. तिनं त्याचा मार खाल्लेला, भांडी विकलेली, आणि आता तिनंच त्याच्यावर पहारा करायचा, खिसे तपासायचे, तोंडाचा वास घ्यायचा. घरातली बाई म्हणजे दवाखाना नव्हे, मित्रांनो. तिला आधी श्वास घेऊ द्या. केंद्र आणि घर यांच्या मधे एक पायरी पाहिजे. ती पायरी आपल्याकडे जवळजवळ नाहीच.

या पायरीचा शोध घेता घेता मी अमेरिकेपर्यंत गेलो. हसू नका. १९७२ साली दलित पँथरनं नाव घेतलं तेही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. तिकडून नाव आणलं, तर एखादं घर बघून यायला काय हरकत आहे?

मेरीलँड राज्यात सिल्व्हर स्प्रिंग नावाचं गाव आहे. तिथे दारू सोडलेल्या पुरुषांसाठी सरकारी खर्चानं चालणारं एक घर होतं. सहा महिने राहायचं आणि निघायचं. निघालेले बहुतेक जण परत दारूकडे जायचे. १९७५ साली पैसे नाहीत म्हणून ते घर बंद करायचं ठरलं. तेव्हा आत राहणाऱ्यांनीच ते भाड्यानं घेतलं. त्यांच्यात पॉल मॉलॉय नावाचा वकील होता, तोही दारूतून उठलेला. घराला ऑक्सफर्ड हाउस नाव दिलं. तिकडे अशा घरांना सोबर लिव्हिंग होम म्हणतात, म्हणजे न पिणाऱ्यांचं घर. पण बाकीच्या बऱ्याच घरांना मालक असतो, व्यवस्थापक असतो, पगारी माणूस असतो. यांच्या घरात असा कुणी नाही.

नियम मोजके. भाडं, वीज, बाकीचा खर्च सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा. आठवड्याला एक बैठक. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार घरातलेच, मतदानानं निवडलेले, आणि कुणीही सहा महिन्यांपेक्षा जास्त एका पदावर नाही. (आपल्या मंडळांतल्या तहहयात अध्यक्षांना हे वाक्य दोनदा वाचून दाखवा.) नवा माणूस घ्यायचा तर घरातल्या ऐंशी टक्क्यांची मतं लागतात. मुदत नाही. पीत नाही आणि वाटा भरतो, तोवर राहायचं, वर्षभर राहा नाहीतर दहा वर्षं. आणि शेवटचा नियम : जो परत प्याला त्याला बाहेर काढायचं. साधं बहुमत पुरतं. लगेच.

एका घराची आज तीन हजारांहून जास्त घरं झाली आहेत, पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. १९८८ साली तिकडच्या सरकारनं कायद्यानं एक फिरता निधी करायला लावला. सहा किंवा जास्त जण मिळून घर काढत असतील तर त्यांना चार हजार डॉलरपर्यंत कर्ज. भीक नाही, कर्ज. हप्त्यानं फेडायचं, म्हणजे तेच पैसे पुढच्या घराला.

याचा उपयोग होतो का? डीपॉल विद्यापीठातल्या लोकांनी दीडशे जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. निम्मे अशा घरांत, निम्मे नेहमीच्या वाटेनं. २००६ साली निष्कर्ष छापले. दोन वर्षांनी नेहमीच्या वाटेनं गेलेल्यांत शंभरात पासष्ट जण परत नशा करत होते. घरांत गेलेल्यांत एकतीस. म्हणजे घर ही काही जादू नाही, तिथेही एकतीस पडले. पण पडणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली. आणि ही किमया कुठल्या डॉक्टरनं केली नाही, साहेबानं केली नाही. पडलेल्यांनीच पडलेल्यांना धरलं.

शेजाऱ्यांनी काय केलं तेही ऐका, आपल्या ओळखीचं आहे. वॉशिंग्टन राज्यात एडमंड्स नावाचं शहर आहे. तिथल्या नगरपालिकेनं नियम दाखवला की या भागात नात्यात नसलेली पाचपेक्षा जास्त माणसं एका घरात राहू शकत नाहीत, ते कुटुंब धरता येत नाही. प्रकरण त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९५ साली निकाल लागला की घरांच्या बाबतीतल्या भेदभावाविरुद्ध जो कायदा आहे, त्यातून हा नियम सुटू शकत नाही. आपल्याला खोली नाकारताना आडनाव विचारतात, तिकडे या माणसांना नाकारताना "तुम्ही कुटुंब नाही" म्हणाले. भाषा वेगळी, दार तेच.

आता मूळ सवालाकडे येतो. ज्यांना शहर आत घ्यायला तयार नव्हतं, तीच माणसं आपल्यातल्या एकाला मत देऊन बाहेर काढतात. हे कसं?

मी पुष्कळ विचार केला. बहिष्कार आणि हे बाहेर काढणं, यात मला तीन फरक दिसले.

एक. बहिष्कार जन्मावर असतो. माणसानं काही केलेलं नसतं, नुसता जन्म घेतलेला असतो. या घरात माणूस त्याच्या कृतीसाठी बाहेर जातो, आणि ही अट त्यानं आत येताना स्वतः कबूल केलेली असते.

दोन. बहिष्कार घालणारा स्वतः त्या नियमाखाली नसतो. गावानं आपल्याला बाटवणारे ठरवलं, स्वतःला कधी ठरवलं नाही. या घरात हात वर करणारा प्रत्येक जण स्वतः पिणारा होता, आणि उद्या प्याला तर त्याच्यासाठीही तेवढेच हात वर होणार आहेत.

तीन. बहिष्काराला परतीची वाट नाही. हजार वर्षं वेशीबाहेर राहून चांगलं वागलात तरी वेस उघडत नाही. या घरातून गेलेला माणूस काही काळ न पिता राहून दाखवू शकतो, परत अर्ज करू शकतो, परत मतदान होतं.

हे तीन फरक सापडल्यावर मला बरं वाटलं. वाटलं, सुटलो. मग तेच तीन फरक मी आमच्या खोलीला लावून बघितले.

पहिला लागू पडतो. अण्णांनी अट कबूल केली होती, आणि मोडली.

दुसऱ्यावर मी अडकलो. कारण मित्रांनो, मी रविवारी बीअर प्यायचो. खोलीत नाही, बाहेर, दोघा दोस्तांबरोबर, कवितेवर बोलत. माझी ती बीअर आणि अण्णांची ती दारू! हात वर करणाऱ्या पाचांत असे तिघं होतो. "खोलीत दारू नाही" हा नियम आम्ही सगळ्यांसाठी केला नव्हता, अण्णांसाठी केला होता. रोज संध्याकाळी अण्णा आले की कुणीतरी जवळ जाऊन त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचं. आमच्या तोंडाचा वास कुणी घेतला नाही. पोरगंही प्यालं होतं, त्याला समज देऊन ठेवून घेतलं. त्याचा दोषही अण्णांच्याच माथी मारला. सात जणांत एकच विटाळलेला, बाकी सगळे सोवळे. ही मांडणी आपण कुठे पाहिली आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तिसऱ्यात तर आम्ही सरळ नापास. अण्णांना परत कधी येता येईल, काय केलं तर येता येईल, एका शब्दानं कुणी बोललं नाही. दार लावलं आणि भात टाकला.

तेव्हा उत्तर असं आलं की अमेरिकेतल्या त्या घरातलं बाहेर काढणं आणि आमचं बाहेर काढणं दिसायला सारखं, पण आमचं बहिष्काराच्या जास्त जवळचं होतं. हात तेवढेच, पण हातामागचं घर वेगळं.

कुणी म्हणेल, मग काढायचंच कशाला? करुणा आपला धम्म आहे, ठेवून घ्या. इथे विनयपिटकातली एक गोष्ट सांगतो. सागत नावाचा एक स्थविर होता. त्यानं एका भयंकर नागाला वश केलं असं तिथे सांगितलंय. नागाचं सोडून देऊ, पुढचं आपल्या कामाचं आहे. कोसंबीचे लोक खूश झाले, घरोघर त्याला दारू दिली. घरोघर प्याला आणि नगराच्या वेशीत पडला. बुद्ध भिक्खूंबरोबर तिथून जात होते. त्यांनी काय केलं? त्याला उचलून विहारात आणायला लावलं. तिथेही तो बुद्धाकडेच पाय करून पसरला. मग बुद्धांनी नियम घालून दिला की दारू पिणं हा दोष आहे. पण कोणता दोष? भिक्खूला संघाबाहेर घालवणारे दोष चार आहेत. मैथुन, चोरी, मनुष्यहत्या आणि नसलेल्या सिद्धीची खोटी बढाई. दारू त्या चारांत नाही. ती कबूल करून मोकळं व्हायच्या दोषांत आहे. प्यालास, कबूल कर, पुढे चाल. पंचशीलातल्या पाचव्या शीलालाही आपण सिक्खापद म्हणतो. सिक्खापद म्हणजे शिकायची पायरी. पायरीवरून माणूस घसरतो. घसरला म्हणून जिना मोडत नाहीत.

ही गोष्ट वाचून मला पहिल्यांदा वाटलं, चुकलंच आपलं. अण्णांना ठेवायलाच पाहिजे होतं. पण त्या पोराचा चेहरा समोर आला. संघात सागत एकटा पडला होता, बाकीचे शुद्धीत होते, चौघांनी धरून आणला. ज्या घरात सगळेच सोडणारे आहेत, तिथे एक बाटली आत आली की सगळ्यांचाच पाय घसरतो. अण्णांवर करुणा करून अण्णांना ठेवलं, तर त्या पोरावर करुणा कुणी करायची? एकासाठीची करुणा दुसऱ्याच्या जिवावर करता येत नाही. म्हणून काढायचा नियम क्रूर नाही. तो बाकीच्यांना दिलेला शब्द आहे, आणि एके काळी अण्णांनाही दिलेलाच होता.

तर मग दोन्ही धरायचं. नियम त्या घराचा, आणि उचलून आणणं बुद्धाचं. घराबाहेर काढणं वेगळं आणि हातातून सोडणं वेगळं. आम्ही ही दोन कामं एकाच झटक्यात केली, तिथे गुन्हा झाला. ज्यानं हात वर केला, त्यानंच त्या रात्री पेटीचं दुसरं टोक धरून बरोबर चालायला पाहिजे होतं. दवाखान्यापर्यंत, नाहीतर नातेवाइकापर्यंत. आठवड्यानं जाऊन बघायला पाहिजे होतं. परत यायची तारीख सांगायला पाहिजे होती. मत देणं सोपं आहे, हात वर करायला कितीसा वेळ लागतो? मत दिल्यानंतरचं चालणं, ती लोकशाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सगळं बौद्ध भिक्खू संघाला ठाऊक होतं. आणि त्याच भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत हेही सांगितलं. आम्ही मतमोजणी घेतली, बंधुता फळीवर ठेवली, अण्णांच्या डब्याशेजारी.

आता तुमच्याशी कामाचं बोलतो. महाराष्ट्रात बायकांनी मतदान करून दारूची दुकानं बंद पाडली आहेत. बाटली उभी की आडवी, असं ते मतदान. पुरेशी मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. गडचिरोलीत १९९३ पासून जिल्हाभर दारूबंदी आहे, तीही लोकांनी लढून घेतलेली. ही मोठी लढाई आहे. पण बाटली आडवी करायला मतदान आहे, आडव्या झालेल्या माणसाला उभं करायला आपल्याकडे काय आहे? चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. सरकार दुकान उघडतं, सरकार बंद करतं. माणसाला राहायला खोली द्यायचं काम तेवढ्यानं होत नाही.

विहार वस्तीवस्तीत आहेत. चौदा एप्रिलला मंडप, डीजे, सगळं होतं, वर्गणी गोळा होते. त्या वर्गणीतून एका खोलीचं अनामत भाडं निघत नाही का? पगारी माणूस नको, ऑफिस नको, उद्घाटनाला पुढारी नको. सहा-सात कमावते, दवाखान्यातून आलेले, सगळे न पिणारे. सारखा वाटा, आठवड्याला बैठक, सहा महिन्यांनी पद बदली. प्याला तर बाहेर, आणि बाहेर गेलेल्याला भेटायला कोण जाणार हे त्याच बैठकीत ठरलं पाहिजे. सुधारणा मी फक्त या शेवटच्या कलमाची सुचवतो. बाकी सगळं दुसऱ्यांनी करून दाखवलेलं आहे.

अण्णा सापडले. दोन महिने शोधत होतो. शेजारच्या तालुक्यात मजूर अड्ड्यावर उभे राहतात, एका बांधकामावर झोपतात. दोघं चहा प्यालो. मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, "काढलं त्याचं काय नाय रं. मीच मोडलं होतं. पण कोण बघाया आलं नाय." मी बीअर सोडल्याचं सांगितलं. काही बोलले नाहीत, चहाचे पैसे मात्र त्यांनी दिले.

खोलीत आता नियम सगळ्यांना सारखा आहे. दोघं त्यामुळे सोडून गेले. पोरगं अजून आहे, आणि पीत नाही. चौघांत भाडं जड जातंय. येत्या रविवारी अण्णांचा अर्ज बैठकीत घेणार आहोत. काय होईल सांगता येत नाही. मत प्रत्येकाचं आहे. माझा हात वर असेल. आणि त्यानंतर पुन्हा कधी उलट हात वर करायची वेळ आली तर पेटीचं एक टोक माझ्या हातात असेल, एवढं लिहून देतो.

तुमच्या गावात असं काही करताय का, कळवा.

जय भीम.